संध्याकाळी सहानंतरची वीज : जैतापूर, सौर वाहिन्या आणि साठवण

भारप्रेषक

जैतापूरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. ‘सौर वीज तीन रुपयांना मिळते, मग अणू कशाला?’ आणि ‘सूर्य मावळल्यावर काय करणार?’ दोन्ही खरी आहेत, पण चर्चा तिथेच अडकते. म्हणून हा धागा. विनंती एवढीच की युनिटचा दर सांगताना ते युनिट दिवसाच्या कुठल्या तासातलं आहे, हेही सांगा.

आधी आकारमान. जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर (दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या) अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. मूळ प्रस्तावाप्रमाणे प्रत्येकी १,६५० मेगावॅट, एकूण ९,९००. जमीन ९३८ हेक्टर, म्हणजे साधारण २,३०० एकर. २०१० मध्ये ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली गेली, तरी भट्टीच्या पायाचं काँक्रीट अजून पडलेलं नाही. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० : उद्दिष्ट १६,००० मेगावॅट, खेडोपाडीच्या उपकेंद्रांना जोडलेले विखुरलेले प्रकल्प, दर २ रुपये ६९ पैसे ते ३ रुपये १० पैसे.

१६,००० हा आकडा ९,९०० पेक्षा मोठा दिसतो, पण मेगावॅटची अशी थेट तुलना करू नये. अणुप्रकल्प ८५ टक्के क्षमतेने चालला तर ९,९०० मेगावॅटमधून दिवसाला सुमारे २० कोटी युनिट निघतात. आपल्याकडे १ मेगावॅट सौर वर्षाला १६ ते १७ लाख युनिट देतं, म्हणजे दिवसाला सरासरी ४,५००. त्या हिशेबाने १६,००० मेगावॅटचे दिवसाला ७.२ कोटी युनिट झाले. जैतापूरइतकी ऊर्जा हवी तर ४५,००० मेगावॅट सौर लागेल आणि मेगावॅटमागे साडेचार एकर धरले तर दोन लाख एकर जमीन. अणूच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. तो मान्य करूनच पुढे बोलू.

आता तासांकडे. राज्याची कमाल मागणी ३०,००० मेगावॅटच्या घरात गेली आहे. दुपारी सौर जोरात असतं तेव्हा कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली दाबावे लागतात, आणि संध्याकाळी सौर दोन तासांत शून्यावर येतं तेव्हा तेच संच धावत वर आणावे लागतात. ओढाताण होते ती ६ ते ११ या पाच तासांत. समजा त्या वेळेसाठी ५,००० मेगावॅटची सोय करायची आहे. म्हणजे रोजचे २.५ कोटी युनिट. ते लवकरात लवकर आणि कमीत कमी पैशांत कुठून आणायचे, हा माझा प्रश्न आहे.

रोहित्र

तुमच्या २.५ कोटींतले काही युनिट मुळात संध्याकाळी लागूच नयेत, अशी सोय करता येते. शेतीपंपांना वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीची पाळी होती. तो भार दुपारी आणणं ही सगळ्यात स्वस्त साठवण आहे, कारण पाणी विहिरीतून शेतात गेलं की काम झालं, बॅटरीची गरजच नाही. कृषी वाहिनी योजनेचं खरं मोल तिच्या दरापेक्षा यात आहे.

पण ती नुसती पॅनेल उभारून साधत नाही. काय बिघडतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, गावठाण वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी झालेली हवी. एकत्र असली तर दिवसा शेतीला वीज देताना हिशेब लागत नाही, आणि रात्री शेती बंद करताना गावही अंधारात जातं.

दुसरी, ११ केव्ही वाहिनी ट्रिप झाली की सौर प्रकल्पही त्याच क्षणी बंद पडतो. इन्व्हर्टरला तसंच बांधलेलं असतं, नाहीतर लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका. म्हणजे वाऱ्याने फांदी तारेला लागली तर ऐन उन्हात प्रकल्प रिकामा बसतो. झाडं छाटणं, इन्सुलेटर बदलणं, एबी स्विच (लाइन तोडायचा खांबावरचा स्विच) धड ठेवणं ही कामं झाली नाहीत तर कागदावरचे १६ लाख युनिट कागदावरच राहतात.

तिसरी, ऑटोस्विच. वीज आली की वाहिनीवरचे सगळे पंप एकाच सेकंदाला उठतात. साडेसात अश्वशक्तीचा पंप चालू असताना साधारण ८ केव्हीए ओढतो, म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, बारा पंप कसेबसे बसतात. सुरू होताना मात्र प्रत्येक मोटर सहापट प्रवाह घेते. बारा पंप एकदम उठले की व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग पकडत नाहीत, प्रवाह चढाच राहतो, फ्यूज उडतात, आणि फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल तर डीपीच जळते. उपाय महाग नाही. ऑटोस्विच काढा, किंवा प्रत्येक पंपाला वेगवेगळा टायमर द्या : कुणाचा ३० सेकंदांचा, कुणाचा तीन मिनिटांचा. मोटरला योग्य मापाचा कपॅसिटर लावला की चालू पंपाचा प्रवाह पाचवा-सहावा हिस्सा तरी उतरतो.

चैत्रपालवी

एक साधी शंका. बॅटऱ्या स्वस्त झाल्या म्हणतात. मग दुपारचं सौर बॅटरीत भरून संध्याकाळी दिलं तर युनिट कितीला पडेल? आणि पाच तास भरतील एवढ्या बॅटऱ्यांना किती सौर लागेल?

व्याजदर

@चैत्रपालवी, दोन तासांच्या बॅटरीचं भाडं मेगावॅटमागे महिन्याला २.५ लाख रुपये धरा. अलीकडे काही निविदा याच्याही खाली गेल्या आहेत, पण त्यांत सरकारी अनुदानाचा हात आहे, हे विसरू नका.

१ मेगावॅट, २ तास, रोज एक फेरी (एकदा भरून एकदा रिकामी) : महिन्याला ६०,००० युनिट. साठवणुकीचा खर्च ४ रुपये १७ पैसे. त्यात भरलेलं सौर २ रुपये ७० पैशांचं. भरलेल्या १०० युनिटांतले मीटरवर ८५ परत येतात, म्हणून ते ३ रुपये १८ पैसे होतं. बेरीज ७ रुपये ३५ पैसे. दिवसातून दोन फेऱ्या काढता आल्या तर सव्वापाच रुपयांच्या आसपास, पण दुसरी फेरी पहाटेच्या मागणीसाठी वापरायची तर ती मध्यरात्रीनंतर भरावी लागेल, आणि तेव्हा सौर नसतं. तेव्हा स्वस्तातला आकडा सांगणाऱ्याला ‘फेऱ्या किती धरल्या?’ हे आधी विचारा.

भारप्रेषकांच्या २.५ कोटी युनिटांसाठी २.९४ कोटी युनिट भरावे लागतील, म्हणजे साधारण ६,५०० मेगावॅट सौर फक्त त्यासाठी. १६,००० च्या योजनेशेजारी ठेवलं तर आवाक्यातलं आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तापमानाला जपावी लागते. विदर्भात ४५ अंशांच्या वर गेलं की कंटेनर थंड ठेवायलाच त्यातली वीज जाते. क्षमता वर्षाला दोन-अडीच टक्के घटते, म्हणून सुरुवातीलाच जास्तीची बसवावी लागते किंवा मधल्या वर्षांत भर घालावी लागते. निविदेत हा भार कुणी उचलायचा ते स्पष्ट नसेल तर सहाव्या-सातव्या वर्षी वाद ठरलेला. कंटेनरमधलं अंतर आणि वायू ओळखणारे सेन्सर यांत काटकसर करू नये. ही रसायनं तुलनेने शांत असली तरी बिघडलेल्या सेलमधून हायड्रोजन निघतो, आणि बंद पेटीत तो साचला तर स्फोट होतो.

आता अणूचं व्याज. बांधकामाला १०० रुपये लागतात, ते सगळ्या काळात सारखे खर्च होतात आणि व्याज ९ टक्के आहे असं समजा. सहा वर्षांत भट्टी उभी राहिली तर वीज सुरू होताना डोक्यावर १३१ रुपये. बारा वर्षं लागली तर १७५. सतरा लागली तर २२७. त्यात एक किलो सिमेंटही वाढलेलं नाही, फक्त वेळ गेला. फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलच्या ईपीआरचं बांधकाम २००७ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि ती ग्रिडला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात. सतरा वर्षं. व्याज वगळता खर्चसुद्धा ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्जांवर गेला. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ चं बांधकाम २००५ मध्ये सुरू होऊन व्यावसायिक वीज द्यायला २०२३ उजाडलं. हा अनुभव बाजूला ठेवून जैतापूरचा दर कुणी छातीठोक सांगत असेल तर मी तो हिशेबात धरणार नाही.

अणुरेणू

व्याजाचं गणित बरोबर आहे, पण निवड एकांगी झाली. चीनमधल्या तायशानची पहिली ईपीआर नऊ वर्षांत चालू झाली. तिलाही अडचण आली : इंधनकांड्यांच्या आवरणाला इजा झाल्यामुळे ती २०२१ च्या जुलैपासून वर्षभर बंद होती. म्हणजे हा आराखडा बांधता येतो, पण त्याचं बाळपण सोपं नाही. फ्लामाँव्हिलचा उशीर कशाने झाला, तेही पाहावं. भट्टीच्या पात्राच्या झाकणातल्या पोलादात कार्बन ठरलेल्यापेक्षा जास्त निघाला, वाफेच्या नळ्यांचे जोड पुन्हा करावे लागले, आणि पंधरा वर्षं नवी भट्टी हाती न घेतल्यामुळे कुशल वेल्डर फारसे उरले नव्हते. बांधकामात खंड पडला की हात जातो, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून जैतापूर म्हणजेच अणुऊर्जा, असं समीकरण मांडू नका. आपली स्वतःची वाट जड पाण्याच्या भट्ट्यांची. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या ५४० मेगावॅटच्या. त्यांच्यावरूनच ७०० मेगावॅटचा आराखडा झाला, आणि गुजरातमधल्या काकरापारच्या ३ व ४ अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये व्यावसायिक झाल्या. काकरापार-३ ला पहिल्या काँक्रीटपासून साडेबारा वर्षं लागली, हे मी लपवत नाही. नवा आराखडा होता. अशा दहा भट्ट्यांना २०१७ मध्ये एकगठ्ठा मंजुरी मिळाली ती याचसाठी : एकच आराखडा, एकाच वेळी मागवलेली वाफजनित्रं आणि अवजड सुटे भाग. अंदाज १,०५,००० कोटी रुपये, म्हणजे मेगावॅटमागे १५ कोटी.

या भट्ट्यांचं वैशिष्ट्य म्हणजे चालू स्थितीत इंधन बदलता येतं. नैसर्गिक युरेनियमच चालतं, ज्यात फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चा अंश ०.७ टक्का असतो. टनामागे साधारण ७,००० मेगावॅट-दिवस उष्णता धरली तर ७०० मेगावॅटच्या भट्टीला वर्षाला शंभरेक टन इंधन पुरतं. एक मालगाडी भरणार नाही एवढं. कर्नाटकातल्या कैगाची पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालून मग थांबली. पावसाळी आठवडा असो वा दिवाळीची रात्र, अशी वीज साठवणीच्या हिशेबात नुसते तास मोजून दिसत नाही.

सुरक्षेबद्दल लोक ‘बटण दाबून बंद करा’ म्हणतात, तिथे गोम आहे. साखळी प्रक्रिया सेकंदांत थांबते, पण किरणोत्सारी राखेची उष्णता थांबत नाही. बंद होताक्षणी ती पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सहा-साडेसहा टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसानंतर अर्ध्या टक्क्याजवळ. ईपीआरची औष्णिक क्षमता ४,५०० मेगावॅटच्या वर, म्हणजे दुसऱ्या दिवशीही वीसेक मेगावॅट उष्णता काढत राहावी लागते. फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. तळघरातले डिझेल जनित्र त्सुनामीच्या पाण्यात बुडाले, पंप थांबले आणि ही उरलेली उष्णता बाहेर काढता आली नाही. ७०० मेगावॅटच्या आपल्या आराखड्यात पंपाविना, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणावर चालणारी शीतन व्यवस्था आहे ती यासाठीच. माडबनचा सडा समुद्रापासून पंचवीसेक मीटर उंच आहे, हीसुद्धा जमेची बाजू.

कातळसडा

सडा उंच आहे, पण समुद्राचं पाणी ओढणारे पंप किनाऱ्यालाच असणार. आणि आमच्या भागातला आक्षेप नुसता किरणोत्साराचा कधीच नव्हता. तो पाण्याचा आहे. आकडे मागितलेत, म्हणून आकड्यांतच मांडतो.

१,६५० मेगावॅट वीज काढणारी भट्टी सुमारे २,९०० मेगावॅट उष्णता समुद्रात सोडते. समुद्राच्या पाण्याचं तापमान ७ अंशांनी वाढू द्यायचं, ही किनाऱ्यावरच्या औष्णिक केंद्रांसाठीची मर्यादा. त्या हिशेबाने एका भट्टीला सेकंदाला १०० घनमीटर पाणी लागतं. सहा भट्ट्यांना ६०० घनमीटर, म्हणजे दिवसाला ५,२०० कोटी लिटर. वाढ ५ अंशांवर ठेवायची तर पाणी आणखी ४० टक्के जास्त ओढावं लागेल. म्हणजे तापमान कमी ठेवायला गेलं की पाण्याबरोबर ओढली जाणारी अंडी आणि पिल्लं वाढतात. यातून सुटका नाही, फक्त तोल साधता येतो.

गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि भरती-ओहोटीबरोबर किनाऱ्याला समांतर सरकतं. साखरीनाट्याच्या बंदरातल्या होड्या बांगडा, तारली, कोळंबी यांच्या मागे याच उथळ पट्ट्यात फिरतात. खाडीच्या तोंडाशी कालवं आणि मुळे असतात, त्यांना तर हलताच येत नाही. शिवाय कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात. त्याची मात्रा कोण मोजणार आणि ते आकडे रोज जाहीर होणार का, याचं उत्तर मिळायला हवं. त्यात सुरक्षेसाठी समुद्रातला जो पट्टा होड्यांना बंद होईल, त्याची भरपाई जमिनीच्या सात-बाऱ्यावर दिसत नाही. मच्छीमाराच्या नावावर समुद्र नसतो, म्हणून तो प्रकल्पग्रस्तांच्या यादीत मागे पडतो.

प्रकल्पाच्या बाजूनेही हे पाणी सोपं नाही. २०११ मध्ये स्कॉटलंडच्या टॉर्नेस केंद्रात जेलीफिशच्या थव्याने जाळ्या तुंबल्या आणि दोन्ही भट्ट्या बंद कराव्या लागल्या. जेलीफिश आपल्या समुद्रातही येतात.

भूकंपाबाबत सडा झोन ३ मध्ये धरला जातो. कोयना इथून शंभरेक किलोमीटरवर, आणि तिथे ११ डिसेंबर १९६७ रोजी सहापेक्षा मोठ्या तीव्रतेचा धक्का बसला. आराखड्यात तो धरलेला असणार, मला मान्य. पण कशा रीतीने धरला, ते मराठीत लोकांसमोर ठेवलं तर बैठका शांत होतात. ‘तुम्हाला कळणार नाही’ म्हटलं की होत नाहीत.

घाटमाथा

भारप्रेषकांच्या पाच तासांना सह्याद्री हे उत्तर आहे, आणि ते अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं.

उदंचन प्रकल्प : दुपारी खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी ते टर्बाइनमधून खाली सोडायचं. घाटघरला १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ पासून हेच करताहेत, भिऱ्याला १५० मेगावॅट आहे. लक्षात ठेवायला सोपं माप : उंचीतला फरक ४०० मीटर असेल तर एक घनमीटर पाणी साधारण एक युनिट देतं. त्यामुळे २.५ कोटी युनिटांना २.५ कोटी घनमीटर, म्हणजे ०.९ टीएमसी पाणी पुरतं. आणि ते खर्च होत नाही, रोज वरखाली फिरतं. पहिला भरणा आणि बाष्पीभवन एवढीच तूट. तुलनेसाठी, कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे आणि ते एकदाच वापरून वाशिष्ठीवाटे समुद्राला मिळतं.

पाणी चढवायला लागलेल्या १०० युनिटांतले ७५ ते ८० परत येतात, म्हणजे बॅटरीपेक्षा कमी. पण आयुष्य चाळीस-पन्नास वर्षं, आणि पाचऐवजी आठ तास हवे असतील तर संच तेच राहतात, फक्त तलाव मोठा करायचा. बॅटरीत तास वाढवले की खर्च जवळजवळ त्याच पटीने वाढतो. माझ्या मते दोन तासांपर्यंत बॅटरी आणि त्यापुढे उदंचन.

अडचणी खडकात आहेत. बसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल बोलचा मऊ पट्टा असतो. बोगदा त्यातून गेला की छत सुटतं आणि पाणी झिरपतं. आधीच पुरेशी बोअर घेतली नाहीत तर तो पट्टा खोदकामात सापडतो, आणि कामाची मुदत दोन वर्षांनी सरकते. दुसरं, वरचे तलाव नेमके घाटमाथ्यावरच्या जंगलात येतात. वनमंजुरीचा वेळ धरूनच वर्षं मोजा, आणि शेकरूच्या रानात तलाव नको असेल तर तसं स्पष्ट म्हणा. नदीवर धरण न बांधता दोन्ही तलाव वेगळे खोदण्याच्या जागा आहेत, त्यांना पहिली पसंती द्यावी.

चैत्रपालवी

खूप कळलं. अजून दोन गोष्टी. सलग आठ दिवस ढग असले तर? आणि दुपारी सौर जास्त झालं तर अणुभट्टी थोडी खाली आणता येते का?

भारप्रेषक

ढगांचं मी सांगतो. जुलैत सौर बरंच खाली जातं हे खरं, पण त्याच काळात शेतीपंप थंड असतात आणि वनकुसवडे, चाळकेवाडी, ब्राह्मणवेल इथल्या पवनचक्क्यांना ऐन हंगाम असतो. पावसाळ्याची मला तितकी धास्ती नाही. मला धास्ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची. वारा पडलेला, उकाडा चढलेला, रब्बीचे पंप सुरू, दिवस लहान होत चाललेला. दुपारी ऊन कडक असतं, त्यामुळे साठवण भरते. पण संध्याकाळ लांबते आणि पाच तासांऐवजी साडेसहा तास ओढावं लागतं. साठवणीचं माप जूनवरून नाही, ऑक्टोबरवरून ठरवायला हवं. सातारच्या पठारांवरच्या जुन्या छोट्या चक्क्या काढून उंच मनोऱ्यांच्या मोठ्या चक्क्या बसवल्या तर त्याच जागेत आणि त्याच लाइनवर जास्त युनिट मिळतील. हे काम कुठल्याही नव्या प्रकल्पाआधी करण्यासारखं आहे.

घाटमाथा आणि रोहित्र यांचं वाचून माझं मूळ मत थोडं बदललं. संध्याकाळचे पाच तास अणूशिवाय भागतात. अणूचा दावा उरतो तो कोळशाच्या पायाभूत भाराच्या जागी, म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७. ती तुलना सौरशी करायची नसून चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाशी करायची.

अणुरेणू

@भारप्रेषक, सहमत. मीही तेच म्हणतो.

@चैत्रपालवी, खाली आणण्याबद्दल. फ्रान्समध्ये भट्ट्या मागणीनुसार वरखाली करतात, तसा आराखडा आणि तशी सवय त्यांना आहे. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या पूर्ण क्षमतेवर ठेवलेल्याच बऱ्या. कारण झेनॉन-१३५. हा वायू न्यूट्रॉन गिळतो. भट्टी पूर्ण वेगाने चालू असताना जेवढा बनतो तेवढा जळून जातो. एकदम बंद केली की जळणं थांबतं, बनणं मात्र आयोडीनमधून चालूच राहतं, आणि दहा-अकरा तासांनी त्याचा कळस होतो. अर्ध्या तासात भट्टी परत उचलली नाही तर मग साधारण दीड दिवस ती चालूच होत नाही. म्हणून दुपारी बंद, संध्याकाळी चालू, हा खेळ तिथे नाही. दुपारी जास्तीची वीज घाटमाथ्यांच्या तलावात चढवणं जास्त शहाणपणाचं, मग ती सौर असो की अणू. ग्रिडला फरक पडत नाही.

आणि @कातळसडा, क्लोरीन आणि तापमान रोज जाहीर करण्याची मागणी योग्य आहे. ती कुठल्याही तांत्रिक कारणाने अवघड नाही.

कातळसडा

मग त्यात हेही घाला. मोजणी प्रकल्प सुरू झाल्यावर नको, आधीपासून हवी. निदान तीन वर्षं, प्रत्येक महिन्यात, उधाणाच्या भरतीला आणि भांगाच्या ओहोटीला, पृष्ठभागावर आणि तळाशी वेगवेगळी. जागा मुसाकाजी, आंबोळगड आणि खाडीचं तोंड. सोबत बंदरावर उतरलेल्या मासळीची जातवार नोंद, किलोत. हा आधीचा आकडा नसेल तर नंतर मासळी घटली तेव्हा ती गरम पाण्याने घटली की जास्त मासेमारीने, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि भरपाईचा अर्ज तिथेच फेटाळला जाईल.